दाढ ठणकायची थांबली म्हणजे ती बरी झाली का? दंतमज्जेचा दाह आणि संसर्ग

माळवा_दंतवैद्य

दाढ काही दिवस ठणकते, रात्रीची झोप उडवते, लवंगतेलावर आणि गोळ्यांवर कशीबशी वेळ निभावली जाते आणि मग एके सकाळी दुखणे अचानक थांबते. घरात सगळ्यांना हायसे वाटते आणि दंतवैद्याकडे जाणे लांबणीवर पडते. इंदूरमध्ये दातांच्या मुळांवरील उपचार करताना ज्या रुग्णांचे दात मला वाचवता आले नाहीत, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हकिकतीत हा शांततेचा काळ येतोच. ही शांतता बहुतेक वेळा बरे होण्याची नसते. ज्या ऊतीमुळे दुखणे जाणवत होते ती ऊतीच मेलेली असते. हे नीट कळावे म्हणून दाताच्या आत दाह कसा सुरू होतो आणि संसर्ग कसा पसरतो ते सविस्तर लिहीत आहे. प्रश्न अवश्य विचारावेत.

दाताचे बाहेरचे कवच एनॅमलचे असते. ते वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असून आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे, परंतु त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे एकदा गेलेले एनॅमल पुन्हा तयार होत नाही. त्याखाली डेंटिन असते आणि डेंटिनच्या आत, मधल्या पोकळीत, दंतमज्जा म्हणजे पल्प. दवाखान्यात सगळे तिला ‘नस’ म्हणतात, पण तिच्यात चेतातंतूंबरोबर रक्तवाहिन्या, संयोजी ऊती, रोगप्रतिकारक पेशी आणि अगदी काठावर डेंटिन तयार करणाऱ्या पेशींची एक सलग ओळ असते. प्रौढ माणसाच्या बत्तीसही दातांतील दंतमज्जा एकत्र केली, तरी ती अर्ध्या घनसेंटिमीटरहून कमी भरते. एवढ्याशा ऊतीवर दाताचे जिवंतपण अवलंबून असते.

कीड लागते ती आम्लामुळे. तोंडातील काही जिवाणू, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स आणि लॅक्टोबॅसिलस, आपण खाल्लेल्या साखरेपासून आम्ल तयार करतात. दातावरच्या थराचा सामू साधारण ५.५च्या खाली उतरला की एनॅमलमधील खनिज विरघळू लागते. लाळ ते आम्ल हळूहळू निष्प्रभ करते, पण त्याला अर्धा तास, कधी तासभरही लागतो. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले याला अधिक महत्त्व आहे. आपल्या शहरात सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी दोन-तीनदा चहा-बिस्किटे आणि रात्री उशिरा सराफ्याच्या खाऊबाजारात मालपुवा असा अनेकांचा दिवस जातो. झोपेत लाळ फारच कमी स्रवत असल्यामुळे त्या शेवटच्या खाण्याचे आम्ल दातांवर सर्वांत अधिक काळ टिकते.

एनॅमलला वरून जेमतेम दिसेल एवढेच छिद्र पडते, पण खालचे डेंटिन मऊ असल्याने तेथे कीड आडवी पसरते. गिलावा शाबूत दिसावा आणि आतली भिंत ओलीने भुसभुशीत झालेली असावी, तशी ही अवस्था असते. घास चावताना वरचे कवच एकदम तुटते तेव्हा रुग्णाला वाटते की दात आजच तुटला.

डेंटिन भरीव दिसत असले तरी त्यात अतिसूक्ष्म नलिका असतात. दंतमज्जेजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ४५ हजार, तर बाहेरच्या बाजूस २० हजारांच्या आसपास. आत त्यांची रुंदी साधारण अडीच मायक्रॉन असते आणि तोंडातील अनेक जिवाणू एक मायक्रॉन किंवा त्याहूनही लहान असतात. अर्थात कीड जसजशी खोल जाते, तसतशी तिला वाट अधिक रुंद आणि अधिक मोकळी मिळत जाते. जिवाणू प्रत्यक्ष पोहोचण्याच्या बऱ्याच आधी त्यांची आम्ले आणि विषद्रव्ये या नलिकांतून झिरपून दंतमज्जेला भिडतात. जिवाणू आणि दंतमज्जा यांच्यात एक मिलिमीटरहून अधिक डेंटिन शिल्लक असेल तोवर आतला दाह सहसा किरकोळ असतो. ते अंतर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत घटले की तो ठळकपणे वाढतो.

या काळात दंतमज्जा स्वस्थ बसलेली नसते. काठावरच्या पेशी आतल्या बाजूने नवे डेंटिन रचतात, नलिकांमध्ये खनिज साठवून त्या बुजवतात आणि शत्रूपासून मागे सरतात. कीड सावकाश वाढत असेल तर ही तटबंदी पुष्कळ काळ पुरते. म्हातारपणी काहींच्या दातांतली पोकळी क्ष-किरण चित्रात जवळजवळ दिसेनाशी झालेली असते, त्यात अशा आयुष्यभराच्या बचावाचाही वाटा असतो. कीड वेगाने वाढली तर मात्र बांधकाम मागे पडते आणि जिवाणू पोकळीत शिरतात.

पुढचे सारे अवघड होते ते जागेमुळे. हाताला जखम झाली की तेथे रक्त वाढते, द्रव साचतो, सूज येते आणि त्वचा ताणून त्या सुजेला जागा देते. दातात चहूबाजूंनी कठीण डेंटिन असल्यामुळे सुजेला जागाच नसते. दाह झालेल्या कोपऱ्यात दाब वाढतो, तेथल्या नाजूक शिरा दबतात, रक्ताचा निचरा अडतो, प्राणवायू कमी पडतो आणि तेवढा भाग मरतो. संपूर्ण दंतमज्जा एकाच वेळी गुदमरते असे पूर्वी मानत. आता असे दिसून आले आहे की दाब त्या-त्या जागीच वाढतो आणि मरण एकेका भागाने पुढे सरकते. त्यामुळेच एका मुळातील दंतमज्जा मेलेली आणि त्याच दाढेच्या दुसऱ्या मुळातील अजून जिवंत, असे आम्हांला नेहमी पाहायला मिळते.

निवृत्त_जीवशास्त्र

डॉक्टर, फार उपयुक्त लेखन. शाळेत असताना दंतवैद्यांकडून काढलेल्या दाढा मागून आणून, निर्जंतुक करून, त्या उभ्या कापून मी मुलांना दाखवीत असे. भिंगाखाली पाहिल्यावर मुलांना सर्वांत नवल वाटे ते पोकळीच्या आकाराचे. दाढेच्या माथ्यावर जेवढे उंचवटे, तेवढीच शिंगे पोकळीलाही वर आलेली असतात आणि लहान वयाच्या दाढेत ती शिंगे एनॅमलच्या इतक्या जवळ पोहोचतात की थोडीशी कीडही त्यांना लवकर का गाठते हे वेगळे सांगावे लागत नाही. किडलेल्या दाढेत तपकिरी पट्टा नेमका अशा एखाद्या शिंगाच्या दिशेने उतरलेला दिसे आणि समोरच्या बाजूस, पोकळीच्या छताला, नव्या डेंटिनचा फिकट थर साचलेला असे. आपण लिहिलेली तटबंदी तीच.

माझा प्रश्न असा की एनॅमलमध्ये चेतातंतू नाहीत आणि डेंटिनच्या बाहेरच्या भागातही ते पोहोचत नाहीत, तरी गार पाणी लागताच कळ इतक्या आत कशी जाते? आणि काही रुग्णांना गरमच सोसत नाही आणि गार पाण्याने उलट बरे वाटते, हे कशामुळे?

माळवा_दंतवैद्य

सर, तुम्ही वर्णन केलेली ती शिंगे आम्ही दाढ पोखरताना फार जपतो.

नलिकांमध्ये द्रव भरलेला असतो. गार लागले, गोड लागले किंवा वारा लागला की हा द्रव झटकन सरकतो आणि नलिकेच्या आतल्या टोकाशी असलेले चेतातंतू ओढले जातात. १९६०च्या दशकात स्वीडनच्या ब्रॅन्स्ट्रॉम यांनी प्रयोगांनी ही उपपत्ती मांडली आणि आजही तीच सर्वाधिक मान्य आहे. या कामाचे तंतू वेगवान असतात. त्यांची कळ तीक्ष्ण, क्षणभराची असते आणि गार पदार्थ बाजूला होताच थांबते. शिकंजीचा घोट घेतला, कळ आली आणि लगेच ओसरली, तर दंतमज्जा बहुधा अजून सावरण्याजोगी असते. त्या वेळी कीड काढून दात भरला तर दाह उतरतो.

दंतमज्जेच्या गाभ्यात दुसऱ्या जातीचे, मंद गतीचे तंतू असतात. दाह खोल गेला की ते जागे होतात आणि त्यांचे दुखणे ठणकणारे, रेंगाळणारे असते. घोट केव्हाच संपलेला असतो, पण दाढ अर्धा-अर्धा मिनिट, कधी कित्येक मिनिटे दुखत राहते. काहीही न लागता आपोआप दुखते. आडवे पडले की डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि बंद पोकळीत तो लगेच जाणवतो, म्हणून रात्री दुखणे बळावते. हे तंतू प्राणवायूच्या टंचाईतही बराच काळ तग धरतात, त्यामुळे दंतमज्जेचा मोठा भाग मेल्यावरही ते ठणकत राहू शकतात.

गरम आणि गार यांच्या उलट्या वागण्याचे बहुधा कारण असे, की मरू लागलेल्या दंतमज्जेतील दाब उष्णतेने वाढतो आणि गारव्याने रक्तवाहिन्या आक्रसून तो घटतो. या अवस्थेतले रुग्ण दवाखान्याच्या बाकावर बसलेले पाहताच ओळखू येतात. हातात गार पाण्याची बाटली असते, दर थोड्या वेळाने एक घोट गालात धरतात, तो कोमट झाला की गिळतात आणि पुन्हा नवा घोट घेतात. मी आधी बाटलीच पाहते आणि मग तोंड. अशा दाताची दंतमज्जा आपोआप बरी होण्याची वेळ सहसा निघून गेलेली असते.

आणखी एक गोष्ट रुग्णांना गोंधळात टाकते. नेमका कोणता दात दुखतो हे दंतमज्जेला सांगता येत नाही. खालची दाढ किडलेली असते आणि रुग्ण वरच्या दाढेवर बोट ठेवतो किंवा कानातच दुखते म्हणतो. जागा नेमकी कळू लागते ती दाह मुळाच्या टोकाबाहेर, दात हाडाला बांधणाऱ्या तंतूंपर्यंत पोहोचल्यावर, कारण त्या तंतूंना दाबाची अचूक जाण असते. तेव्हा रुग्ण म्हणतो, ‘हा दात उंच झाल्यासारखा वाटतो, चावला की दुखतो.’ म्हणून दुखरा दात केवळ रुग्णाच्या सांगण्यावरून ठरवू नये. शेजारचे आणि समोरचे दातही गार कापसाच्या बोळ्याने आणि हलक्या ठोक्याने तपासून, क्ष-किरण चित्र पाहून मगच उपचार ठरवावा. चुकीचा दात उघडला गेल्याची उदाहरणे घडतात ती ही घाई केल्यामुळेच.

सुदामानगरची

डॉक्टर, आमच्याकडे दाढ दुखली की औषधांच्या दुकानातून अँटिबायोटिक आणि दुखण्याची गोळी एकत्र आणण्याचीच पद्धत पडली आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी नुकताच असा कोर्स घेतला आणि तीन दिवसांत त्यांचे दुखणे पूर्ण थांबले. आता त्या म्हणतात की औषध लागू पडले, मग उगाच दाढ कोरायची कशाला? त्यांना काय सांगावे?

माळवा_दंतवैद्य

ताई, त्यांना शक्य तितक्या लवकर तपासणीसाठी घेऊन या किंवा जवळच्या दंतवैद्याकडे न्या. नुसत्या कोर्सने दाढ बरी झालेली असण्याची शक्यता फार थोडी आहे.

अँटिबायोटिक रक्तावाटे पोहोचते. दंतमज्जा जिवंत आहे पण तिला दाह झाला आहे, अशा अवस्थेत हे औषध दुखणे कमी करीत नाही. मेलेल्या दंतमज्जेत तर रक्ताभिसरणच उरलेले नसते, त्यामुळे औषध तेथवर जाऊच शकत नाही. पोकळीच्या भिंतींना चिकटलेला जिवाणूंचा थर तसाच राहतो. मग दुखणे का थांबते? कधी त्याच दिवसांत शेवटचे तंतूही मरतात. कधी मुळाच्या टोकाशी साचलेला पू हाडातून वाट काढून हिरडीवर एखाद्या पुटकुळीतून बाहेर येऊ लागतो आणि दाब उतरतो. कधी मुळाबाहेरच्या ऊतींत पसरलेल्या जिवाणूंना औषध काही काळ आवरते. तिन्ही प्रकारांत पोकळीतला साठा कायम असतो.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही हेच स्पष्ट केले आहे: प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढ रुग्णाला प्रत्यक्ष दंतोपचार मिळू शकत असतील, तर दंतमज्जेच्या दाहासाठी आणि मुळाशी झालेल्या मर्यादित गळवासाठीही अँटिबायोटिक देऊ नये. ताप, अस्वस्थता, पसरणारी सूज अशी लक्षणे असतील तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण दात तर वाचत नाहीच, शिवाय ज्या दिवशी खरोखर जिवावर बेतेल त्या दिवसासाठी हवे असलेले औषध निकामी होत जाते.

तपासणीची वेळ मिळेपर्यंत दुखणे आवरायला आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही दोन औषधे एकत्र घेतल्यास सहसा चांगला आराम पडतो. मात्र पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयब्युप्रोफेन घेऊ नये. लवंगतेलातील युजेनॉल काही वेळ बधिरता आणते, एवढाच त्याचा उपयोग. हिरडीवर ते थेट ओतू नये. ॲस्पिरिनची गोळी दाढेजवळ दाबून धरणे तर कटाक्षाने टाळावे, तिने हिरडी भाजते. तंबाखूची चिमूट धरणाऱ्यांना मी दरवेळी विनवते की हे करू नका.

राजवाडा_परिसर

माझ्या वडिलांना मधुमेह आहे. खालच्या शेवटच्या दाढेजवळ गालाला सूज आहे, दुखणे फार नाही. ते म्हणतात की मिठाच्या गरम पाण्याने उतरेल. थांबावे की नाही?

माळवा_दंतवैद्य

थांबू नका. आजच दाखवा.

तोंड किती उघडते, गिळताना त्रास होतो का, जीभ वर उचलल्यासारखी वाटते का, आवाज बदलला आहे का, जबड्याखाली किंवा मानेकडे सूज कडक लागते का, ताप आहे का, हे आत्ताच पाहा. यांपैकी काहीही असेल किंवा श्वास घेताना जड जात असेल, तर छोट्या दवाखान्यात वेळ न घालवता एम. वाय. रुग्णालयासारख्या, तातडीची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा ठिकाणी थेट न्यावे.

कारण सांगते. मुळाच्या टोकातून बाहेर पडलेला पू सर्वांत कमी अडथळ्याची वाट धरतो. खालच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेची मुळे जबड्याच्या आतल्या बाजूला, जिभेखालचा तळ ज्या स्नायूचा बनलेला आहे त्याच्या रेषेच्या खाली पोहोचतात. तेथून निघालेला संसर्ग जबड्याखालच्या जागेत उतरतो आणि दोन्ही बाजूंना, जिभेखाली पसरून श्वासाची वाट अडवू शकतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६मध्ये वर्णिलेला हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि आजही त्याचे सर्वांत मोठे मूळ खालच्या दाढाच आहेत. मधुमेहात रक्तातील साखर वाढलेली असली की प्रतिकार दुबळा पडतो आणि संसर्गामुळे साखर आणखी वाढते; दोन्ही एकमेकांना बळ देतात. दुखणे थोडे आहे यावर अशा वेळी विसंबू नये. साखर मोजून घ्या आणि चालू औषधांची यादी बरोबर न्या.

राजवाडा_परिसर

आभारी आहे. तोंड दोन बोटेही नीट उघडत नाही. निघतो आहोत.

माळव्यातला_वाचक

चर्चा वाचतो आहे. एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. नस काढली म्हणजे दात मेला. मेलेला अवयव शरीरात ठेवणे घातक असते, त्यातून विष पसरून सांधेदुखी, हृदयरोग होतात, असे अनेक ठिकाणी वाचले. मग दाढ काढूनच टाकलेली बरी नाही का?

निवृत्त_जीवशास्त्र

या समजाचा इतिहास मला थोडा ठाऊक आहे. १९१०मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातील भाषणात तोंडातील सडलेल्या दातांवर आणि त्यांवर बसवलेल्या घाणेरड्या कृत्रिम कामावर कडाडून टीका केली. त्यानंतर दातांतील संसर्ग हेच शरीरातील असंख्य रोगांचे मूळ आहे असा मतप्रवाह पसरला आणि कित्येक वर्षे लोकांचे चांगले दातही सरसकट उपटले गेले. दात गेले, पण सांधेदुखी तशीच राहिली. पुढे काटेकोर अभ्यास झाले तसा तो मतप्रवाह ओसरला.

खरा निर्णायक प्रयोग १९६५चा आहे. अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दाढा भोक पाडून उघड्या ठेवल्या. काही उंदीर नेहमीचे होते, काही जन्मापासून पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढवलेले. अन्नाचे कण दोघांच्याही दाढांत शिरत होते. नेहमीच्या उंदरांत दंतमज्जा मेली आणि मुळाशी गळवे झाली. जंतुरहित उंदरांत मात्र उघड्या जागेवर नव्या डेंटिनचा पूल बांधला गेला आणि खालची दंतमज्जा जिवंत राहिली. दंतमज्जेला मारतात ते जिवाणू. भोक पडणे हे एकटे पुरेसे नाही. जीवशास्त्राचा विद्यार्थी म्हणून इतका स्वच्छ प्रयोग मी फार थोडे पाहिले आहेत.

माळवा_दंतवैद्य

सर, याला जोड म्हणून १९७६चे स्वीडनमधील सुंडक्विस्ट यांचे काम सांगते. मार लागून दंतमज्जा मेलेली, पण बाहेरून अखंड दिसणारे दात त्यांनी तपासले. मुळाच्या टोकाशी हाड झिजलेल्या जवळजवळ सर्व दातांत जिवाणू सापडले, हाड शाबूत असलेल्या दातांत सापडले नाहीत. सापडलेल्यांपैकी बहुसंख्य जिवाणू प्राणवायूशिवाय जगणारे होते. मेलेली ऊती एकटी हाड खात नाही; तिच्यात जिवाणू वस्तीला आले की हाड झिजते.

आता मूळ शंका. दात हाडात धरून ठेवणारे तंतू बाहेरच्या रक्तपुरवठ्यावर जगतात, दंतमज्जेवर नाही. त्यामुळे दंतमज्जा काढलेला दात मेलेल्या बोटासारखा सडत नाही, घास चावण्याचे काम करीत राहतो. या उपचाराचा, म्हणजे रूट कॅनालचा, सारा भर पोकळी जिवाणूमुक्त करून पुन्हा बंद करण्यावर असतो. मेलेल्या दाढेचे छत उघडले की पहिल्याप्रथम येते ती दुर्गंधी. कधी पूचा एक थेंब वर येतो, त्यामागे थोडे रक्त, आणि कित्येक रात्री न झोपलेल्या रुग्णाचे खांदे तेथेच सैल पडतात. त्यानंतर मुळांच्या वाटा फाइलींनी, म्हणजे कानशीसारख्या बारीक सुयांनी, रुंद करायच्या, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने पुन्हा पुन्हा धुवायच्या, कोरड्या करायच्या आणि गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने टोकापर्यंत भरायच्या. हे सर्व रबर डॅम लावून, म्हणजे दाताभोवती रबरी पडदा ताणून, लाळ दूर ठेवून व्हायला हवे. ही युक्ती १८६४पासून उपलब्ध आहे आणि तरीही अनेक ठिकाणी वापरली जात नाही, याची मला खंत वाटते. आपल्या डॉक्टरांना रुग्णाने अवश्य विचारावे की आपण रबर डॅम लावता का.

उपचार फसतात तेही बहुतेक जिवाणूंमुळेच. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळे असली तरी अर्ध्याहून अधिक वेळा चौथी वाट असते आणि ती सुटली तर आत साठा राहतो. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे वरचे भरण गळणे. मुळे उत्तम भरली, पण कॅप न बसवता वर्षानुवर्षे तात्पुरत्या सिमेंटवर काम चालवले, तर लाळ वरून झिरपते आणि जिवाणू परततात किंवा पोकळ झालेली दाढ उभी चिरते. उभी चिरलेली दाढ सहसा काढावीच लागते.

दाढ काढणेही कधी योग्य असते, हे मी नाकारत नाही. हिरडीखालपर्यंत मोडलेला दात, हाडाचा आधार गेलेला दात, उपचाराचा खर्च खरोखरच न झेपणे, या स्थितींत संसर्ग झालेला दात तोंडात तसाच ठेवण्यापेक्षा काढणे चांगले. न उपचार केलेला दात ठेवणे हा एकच पर्याय वाईट आहे. खर्च अडत असेल त्यांनी आपल्या शहरातील शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करावी; तेथे वेळ लागतो, पण काम खाजगीपेक्षा बरेच कमी खर्चात होते.

आणि सर्वच दुखऱ्या दाढांचे रूट कॅनाल करावे लागते असेही नाही. खोल कीड असली तरी दंतमज्जा सावरण्याजोगी असेल, तर तिच्या अगदी जवळचा थोडा मऊ थर मुद्दाम ठेवून वर पक्के बंद करतात. वाट बंद झालेल्या जिवाणूंना अन्न मिळत नाही आणि दंतमज्जेला नवे डेंटिन रचायला अवधी मिळतो. दंतमज्जा किंचित उघडी पडलीच, तर तिचा दूषित माथा काढून उरलेली १९९०च्या दशकात आलेल्या एमटीए या सिमेंटने किंवा त्याच जातीच्या नव्या पदार्थांनी झाकता येते. ही सवलत लवकर येणाऱ्यालाच मिळते.

तिलकनगर_आई

माझे दोन प्रश्न आहेत. धाकटी पाच वर्षांची, तिच्या दुधाच्या दाढेला कीड आहे आणि हिरडीवर मोहरीएवढी गाठ आली आहे, दुखत मात्र नाही. सासूबाई म्हणतात की दुधाचे दात पडणारच, त्यांना हात कशाला लावायचा. थोरला आठ वर्षांचा, क्रिकेट खेळताना चेंडू लागून त्याचा पुढचा पक्का दात हलला होता. तो घट्ट बसला, पण आता करडा दिसतो आहे.

माळवा_दंतवैद्य

धाकटीचे आधी. ती गाठ म्हणजे मुळाशी साचलेल्या पूची बाहेर पडण्याची वाट आहे आणि वाट मोकळी असल्यामुळेच ती दुखत नाही. दुधाच्या दाढेचे एनॅमल पातळ आणि दंतमज्जा मोठी असल्याने कीड फार लवकर आत पोहोचते. तिच्या मुळांच्या कुशीतच पक्क्या दाताचा अंकुर वाढत असतो आणि तेथला संसर्ग दीर्घकाळ राहिला तर पक्क्या दातावर डाग, खड्डे किंवा अर्धवट एनॅमल येऊ शकते. दुधाच्या शेवटच्या दाढा साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, म्हणजे तिला अजून पाच-सहा वर्षे त्याच दाढेने चावायचे आहे. सासूबाईंना आदरपूर्वक हे सांगा. मुळे टिकवण्याजोगी असतील तर पोकळी साफ करून भरतील आणि वर धातूची टोपी बसवतील. नसतील तर दाढ काढून जागा राखणारी तार बसवतील, नाहीतर शेजारची दाढ पुढे सरकते आणि पक्का दात अडकतो.

थोरल्याच्या बाबतीत घाईने रूट कॅनाल करून घेऊ नका. मार लागल्यावर मुळाच्या टोकाशी रक्तवाहिन्या ताणल्या किंवा तुटल्या तर दंतमज्जा जिवाणूंशिवायही मरू शकते आणि नंतर सूक्ष्म भेगांतून जिवाणू तेथे पोहोचतात. पण आठव्या वर्षी पुढच्या दाताचे मूळ पूर्ण झालेले नसते, टोक रुंद उघडे असते आणि त्या रुंद वाटेने रक्ताभिसरण पुन्हा सुरू होण्याची शक्यता मोठ्या माणसापेक्षा पुष्कळ अधिक असते. मार लागल्यानंतर काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, जिवंत दातही गार चाचणीला उत्तर देत नाही. म्हणून एकट्या त्या चाचणीवरून किंवा एकट्या रंगावरून दात मेला असे ठरवत नाहीत. आज क्ष-किरण चित्र काढून ठेवा आणि पुढे ठरावीक अंतराने पुन्हा काढून, शेजारच्या दाताशी ताडून, मूळ लांबीने वाढते आहे का हे पाहायला सांगा. मूळ वाढत असेल तर आत जीव आहे. वाढ थांबली, हिरडीवर पुटकुळी आली, टोकाशी काळी सावली दिसू लागली किंवा चावताना दुखू लागले, तर मात्र लगेच उपचार हवा, आणि तो उघड्या टोकाच्या दातांचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडेच व्हावा.

खेळणारी मुले घरात आहेत म्हणून आणखी एक सांगून ठेवते. पक्का दात संपूर्ण निखळून पडला, तर त्याचे मूळ न घासता, वरचा पांढरा भाग धरून उचलावा, धूळ असेल तर दुधाने किंवा पाण्याने हलकेच धुवावी आणि शक्य असल्यास तेथेच जागेवर बसवून रुमाल चावायला द्यावा. ते जमले नाही तर गार दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. दुधाचा दात निखळला तर तो मात्र परत बसवू नये.

राजवाडा_परिसर

वडिलांना दाखल करून घेतले. बाहेरून चीर देऊन पू काढला, साखर ३४० निघाली. दाढ दोन दिवसांनी काढणार आहेत. त्यांनी सांगितले की ही दाढ गेल्या दिवाळीत खूप ठणकत होती आणि मग आपोआप थांबली होती.

माळवा_दंतवैद्य

वेळेवर पोहोचलात. पूचा नमुना तपासणीला पाठवला आहे का ते विचारून घ्या, त्यावरून औषध बदलायचे असल्यास ठरवता येते. दाढ काढल्यावर साखर आटोक्यात येईपर्यंत जखम भरायला अधिक वेळ लागेल, म्हणून टाके आणि ड्रेसिंगची तारीख चुकवू नका. आणि घरी आल्यावर त्यांच्या उरलेल्या सर्व दाढांचे एकदा क्ष-किरण चित्र काढून घ्या. जी दाढ पूर्वी दुखून गेली आहे असे त्यांना आठवते, ती सर्वांत आधी दाखवा.